पाईन व्हॅलीचे लाकडी चॅपल : भेट आणि परीक्षण

अमेरिकेच्या युटा राज्यातील झायन आणि ब्राइस कॅन्यन ही राष्ट्रीय उद्याने पाहण्यासाठी निघालेले बहुतेक प्रवासी सेंट जॉर्ज या शहरात एक रात्र काढतात आणि सकाळी पूर्वेची वाट धरतात. त्याच शहरातून उत्तरेकडे जाणारा १८ क्रमांकाचा राज्यमार्ग धरून सेंट्रल या वस्तीपाशी उजवीकडे वळले, तर तासाभराच्या आत पाईन व्हॅली नावाचे एक उंच, हिरवे खोरे लागते. या खोऱ्यातील छोट्याशा गावात १८६८ साली बांधलेले पांढऱ्या रंगाचे एक लाकडी चॅपल उभे आहे. द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजेच सर्वसाधारण बोलण्यात ज्यांना मॉर्मन म्हटले जाते त्या संप्रदायाचे, बांधल्यापासून अखंड वापरात असलेले हे सर्वांत जुने चॅपल म्हणून ओळखले जाते. उन्हाळ्याच्या महिन्यांत तिथे स्वयंसेवक मार्गदर्शक असतात आणि इमारत आतून दाखवतात. त्यासाठी कोणतेही शुल्क घेतले जात नाही. या मार्गदर्शित भेटीविषयी, आणि मुख्यतः ज्या इमारतीसाठी ती करायची त्या इमारतीविषयी, मला इथे लिहायचे आहे.

माझे मत आधीच सांगतो. पायनियर काळातील, म्हणजे पहिल्या वसाहतकऱ्यांच्या काळातील, इमारती पश्चिम अमेरिकेत पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेकींच्या बाबतीत ‘जुनी आहे’ यापलीकडे पाहुण्याच्या हाती फारसे काही लागत नाही. पाईन व्हॅलीचे चॅपल त्यांच्याहून वेगळे आहे. ते कोणी बांधले, कशाने बांधले आणि त्याच पद्धतीने का बांधले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्या लाकडातच वाचता येतात. ज्याला सुतारकाम, बांधकाम किंवा साधनांच्या टंचाईत माणसे कशी मार्ग काढतात या गोष्टीत रस आहे, त्याने ही भेट अजिबात चुकवू नये. केवळ छायाचित्रापुरते थांबणाऱ्याला मात्र हे चॅपल दहा मिनिटांत संपल्यासारखे वाटेल, कारण बाहेरून त्यात डोळे दिपवणारे काहीच नाही.

चॅपल बांधणाऱ्याचे नाव एबेनेझर ब्राइस. जगप्रसिद्ध ब्राइस कॅन्यनला ज्याचे नाव मिळाले, तोच हा माणूस. तो १८३० साली स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे जन्मला आणि लहान वयातच जहाजबांधणीच्या कामाला लागला. तरुणपणी त्याने मॉर्मन धर्म स्वीकारला आणि १८५० मध्ये तो युटाला पोहोचला. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या कोरड्या प्रदेशात जहाजबांधणीच्या कौशल्याला थेट उपयोग नव्हता, पण मोठी लाकडे ओळखणे, ती तासणे, एकमेकांत घट्ट बसवणे आणि त्यांच्यावर येणारा भार कुठून कुठे जाईल याचा अंदाज बांधणे ही विद्या त्याच्यापाशी होती, आणि नव्या वसाहतींमध्ये तिची किंमत सोन्याइतकी होती. पाईन व्हॅलीच्या लोकांनी त्याला प्रार्थनामंदिर बांधायला सांगितले, तेव्हा आपल्याला जहाज बांधता येते आणि चॅपल बांधायचे तर ते जहाजाच्याच रीतीने बांधीन, असे त्याने सांगितल्याची आठवण तिथे आजही सांगितली जाते. संभाषणाचे नेमके शब्द काहीही असोत, इमारतीकडे पाहिल्यावर त्यातला आशय खरा वाटतो.

जहाजाची रीत इथे कुठे दिसते, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण ‘उलटे ठेवलेले जहाज’ एवढेच ऐकून पुढे सरकले तर या भेटीतील सर्वांत मोलाचा भाग निसटतो. चॅपलच्या भिंतींचे सांगाडे जमिनीवर आडवे ठेवून जुळवण्यात आले, नंतर ते उचलून उभे करण्यात आले आणि कोपऱ्यांत एकमेकांना जोडण्यात आले. जोडण्यासाठी लाकडी खुंट्या आणि कच्च्या कातड्याच्या वाद्या वापरल्या गेल्या. ओले कातडे लाकडाभोवती ताणून बांधले की वाळताना ते आकसते आणि सांधा आणखी आवळला जातो. खिळ्याचा सांधा काळाबरोबर सैल होण्याची भीती असते, पण या बांधणीत पहिल्या काही आठवड्यांत सांधा उलट अधिक पक्का होत जातो. छपराखालची तुळयांची आणि वाशांची रचना पाहिली की जहाजाची उपमा कुठून आली ते लगेच कळते. मधला कणा आणि दोन्ही बाजूंना उतरत गेलेल्या बरगड्या अशी जी रचना जहाजाच्या तळाशी असते, तीच इथे डोक्यावर आहे. पाण्याचा बाहेरून येणारा दाब सोसण्यासाठी जी रचना शतकानुशतके घडत गेली, ती इथे बर्फाचा आणि वाऱ्याचा भार पेलते आहे, आणि साडेसहा हजार फुटांच्या आसपास उंची असलेल्या या खोऱ्यात हिवाळ्यात दोन्हींची कमतरता नसते.

खिळे का वापरले नाहीत, हा प्रश्न भेटीत जरूर विचारावा, कारण त्याच्या उत्तरात पायनियर काळाची सगळी अर्थव्यवस्था सामावलेली आहे. मॉर्मन वसाहतकरी १८४७ साली सॉल्ट लेक खोऱ्यात पोहोचले, आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ लोखंडाची प्रत्येक वस्तू बैलगाडीने किंवा घोडागाडीने मैदाने आणि डोंगर ओलांडून आणावी लागत असे. स्थानिक लोखंड तयार करण्यासाठी १८५१ मध्ये दक्षिण युटात, आजच्या सीडर सिटीच्या परिसरात, एक मोहीम सुरू करण्यात आली होती. खनिज होते, माणसे होती, पण ती मोहीम त्या दशकाच्या अखेरीपर्यंत बंद पडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग युटातीलच प्रोमॉन्टरी समिट येथे १० मे १८६९ रोजी पूर्ण झाला. युटात ‘पायनियर’ कोणाला म्हणायचे याची सीमारेषाही तिथेच आखली जाते. त्या दिवसापूर्वी जे आले ते पायनियर. पाईन व्हॅलीचे चॅपल १८६८ चे, म्हणजे त्या सीमारेषेच्या जेमतेम अलीकडचे. रेल्वे आल्यानंतर काही वर्षांत खिळे, काच आणि तयार सामान स्वस्त झाले आणि बांधण्याची पद्धत बदलली. म्हणून या इमारतीतील खुंट्या केवळ एका कारागिराची हौस म्हणून पाहू नयेत. त्या एका संपत आलेल्या काळाच्या अगदी शेवटच्या टोकावरच्या खुणा आहेत.

हीच पद्धत त्या काळात किती मोठ्या प्रमाणावर वापरली जात होती, हे समजण्यासाठी सॉल्ट लेक सिटीतील टॅबरनॅकल या सभागृहाचा दाखला उपयोगी पडतो. पूल बांधणाऱ्या हेन्री ग्रो याने त्याचे दीडशे फूट रुंदीचे, मधे एकही खांब नसलेले छप्पर जाळीदार लाकडी कमानींनी पेलले, आणि तिथेही लाकडी खुंट्या वापरल्या गेल्या व तडकलेल्या लाकडांना कच्च्या कातड्याने आवळण्यात आले. ते सभागृह १८६७ मध्ये वापरात आले. एका बाजूला राजधानीतील भव्य सभागृह आणि दुसऱ्या बाजूला डोंगरातील लहानसे चॅपल. दोन्हींचे बांधकाम करणारे दोन वेगळ्या व्यवसायांतून आलेले, एक पुलांचा आणि दुसरा जहाजांचा, आणि दोघेही टंचाईच्या एकाच प्रश्नाला जवळजवळ सारखेच उत्तर देतात. ही तुलना मनात ठेवून चॅपलमध्ये गेलो, म्हणून मला आतील प्रत्येक सांधा अधिक बोलका वाटला.

ब्राइसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. पूर आला तर ही इमारत तरंगेल आणि वादळाने लोटली तरी ती लोळेल, पण मोडणार नाही, असे तो म्हणत असे. श्रोते हे ऐकून हसतात, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण वाळवंटाच्या कडेला पुराची गोष्ट अतिशयोक्तीच वाटते. पण या बोलण्यामागे एक ताजा संदर्भ असावा असे मला वाटते. पाईन व्हॅली सँटा क्लारा नदीच्या उगमाकडे आहे, आणि १८६२ च्या जानेवारीत याच नदीला आलेल्या महापुराने खाली सँटा क्लारा गावातील दगडी फोर्ट क्लारा वाहून नेला होता. चॅपल उभे राहिले तेव्हा त्या घटनेला पुरती सात वर्षेही झाली नव्हती. दगडाच्या जाड भिंती नदीने गिळलेल्या ज्यांनी पाहिल्या किंवा ऐकल्या होत्या, त्यांच्यापुढे लाकडी इमारतीविषयी असा विश्वास व्यक्त करणे ही केवळ बढाई नव्हती.

आता लाकडाविषयी. या गावाचे अस्तित्वच लाकडामुळे आहे. १८६१ मध्ये मॉर्मनांचा प्रमुख ब्रिगहॅम यंग याने कापूस पिकवण्यासाठी ३०९ कुटुंबांना सेंट जॉर्जकडे पाठवले. तिथे ऊन होते, लाल दगड होता, पण इमारतीला लागणारे मोठे लाकूड नव्हते. ते वर पाईन व्हॅलीत होते, आणि तिथे १८५० च्या दशकातच करवतीच्या गिरण्या सुरू झालेल्या होत्या. खालच्या गरम सपाटीवरची वसाहत आणि वरचे थंड जंगल यांच्यातील ही देवाणघेवाण नकाशावर पाहून समजत नाही. सेंट जॉर्जच्या उकाड्यातून निघून, स्नो कॅन्यनचे लाल कडे आणि ज्वालामुखीचे काळे खडक मागे टाकत पाँडेरोसा पाईनच्या सावलीत पोहोचल्यावर ती अंगाला कळते. पाँडेरोसाच्या जुन्या झाडाच्या सालीजवळ नाक नेले तर व्हॅनिलासारखा वास येतो, आणि लहान मुलांना सोबत नेणाऱ्यांनी हा अनुभव त्यांना जरूर द्यावा.

याच खोऱ्यातील लाकूड सॉल्ट लेक टॅबरनॅकलच्या प्रसिद्ध ऑर्गनसाठी निवडण्यात आले होते. जोसेफ रिजेस या कारागिराने तो ऑर्गन घडवला, आणि त्याच्या लाकडी नळ्यांसाठी सुमारे तीनशे मैलांवरून, बैलगाड्यांतून, इथले पाईनचे लाकूड नेण्यात आले. त्या ऑर्गनची पुढे अनेकदा पुनर्रचना झाली आणि आज त्यात अकरा हजारांहून अधिक नळ्या आहेत, पण दर्शनी भागातील सोनेरी नळ्यांपैकी काही त्या मूळ लाकडाच्याच आहेत. चॅपलपेक्षा त्याच्या लाकडाची कीर्ती दूरवर पोहोचली, असे म्हणता येईल.

चॅपलचा उपयोग केवळ उपासनेपुरता नव्हता. मुलांची शाळा, गावाच्या सभा, करमणुकीचे कार्यक्रम आणि नाच या सर्वांसाठी गावाकडे हीच वास्तू होती, आणि पायनियर गावांच्या बाबतीत हे सर्वत्र दिसते, कारण एका मोठ्या छपरावर एवढे लाकूड आणि श्रम खर्च केल्यावर ते आठवड्यातून एकच दिवस वापरणे कोणालाच परवडणारे नव्हते. शेजारीच विटांचे लहानसे टायदिंग ऑफिस आहे. मॉर्मन कुटुंबे आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्मसंस्थेला देत असत आणि रोकड दुर्मीळ असलेल्या त्या काळात तो हिस्सा धान्य, गुरे, लोणी, अंडी अशा स्वरूपात येत असे. या लहान वास्तूकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. माझ्या मते चॅपल पाहून झाल्यावर तिच्यासमोर पाच मिनिटे थांबणे योग्य ठरेल, कारण गावाचा व्यवहार कसा चालत असे हे चॅपलपेक्षा तीच अधिक स्पष्टपणे सांगते. चॅपल आणि टायदिंग ऑफिस या दोन्हींची नोंद १९७१ पासून ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आहे.

मार्गदर्शनाच्या दर्जाविषयी बोलायचे तर, वास्तू दाखवणारे स्वयंसेवक हे संप्रदायाचेच सेवाव्रती असतात. त्यामुळे त्यांच्या निवेदनात श्रद्धेचा भाग असतो, आणि तो तसा असणे योग्यच आहे, कारण ही वस्तुसंग्रहालयातील वस्तू नसून त्यांचे चालते प्रार्थनास्थळ आहे. मला त्यांचे बोलणे आपुलकीचे आणि मोकळे वाटले. धर्माविषयीच्या चर्चेत रस नसेल तर सुतारकामाविषयी प्रश्न विचारावेत. बोलणे आपोआप खुंट्या, वाद्या आणि तुळयांकडे वळते. छपराखालच्या रचनेपर्यंत जाता येईल का, हे सुरुवातीलाच नम्रपणे विचारून घ्यावे. भेट लहान असते आणि घाईघाईने उरकली तर ती नुसत्या गोष्टींची होते. सावकाश केली तर ती इमारतीची होते. कपडे साधे आणि अंगभर असावेत, आत बोलताना आवाज बेताचा असावा, आणि रविवारी उपासनेची वेळ असू शकते हे लक्षात ठेवून जाण्यापूर्वी वेळापत्रक तपासावे. हिवाळ्यात तिथे मार्गदर्शकांची अपेक्षा ठेवू नये.

या भेटीच्या जोडीला दोन गोष्टींचा विचार केल्याशिवाय तिचे चित्र पुरे होत नाही. पहिली अशी की पाईन व्हॅलीचे डोंगर हे दक्षिणी पायूट या आदिवासी लोकांचे मूळ प्रदेश आहेत. वसाहतकऱ्यांनी पाणी, गवत आणि खोरी ताब्यात घेतल्यावर त्यांचे जगणे मोडून पडले. पुढे १९५४ मध्ये युटातील पायूट समूहांची संघराज्याकडील मान्यता काढून घेण्यात आली आणि ती परत मिळायला १९८० साल उजाडावे लागले. सेंट जॉर्जच्या पश्चिमेला सँटा क्लारा नदीकाठी शिव्हविट्स पायूटांचे राखीव क्षेत्र आजही आहे. चॅपलच्या तुळयांचे कौतुक करताना त्या झाडांखाली आधी कोणाची वस्ती होती, याची जाणीव पाहुण्याने स्वतः ठेवावी.

दुसरी गोष्ट त्याच १८ क्रमांकाच्या मार्गावर, सेंट्रलच्या उत्तरेला थोड्याच मैलांवर आहे. माउंटन मेडोज या कुरणात सप्टेंबर १८५७ मध्ये स्थानिक मॉर्मन सशस्त्र दलाने, काही पायूटांना हाताशी धरून, आर्कान्सातून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची हत्या केली. केवळ १७ लहान मुले वाचली. या गुन्ह्यासाठी फक्त जॉन डी. ली या एका माणसाला शिक्षा झाली, आणि १८७७ मध्ये त्याला त्याच जागी गोळ्या घालण्यात आल्या. २०११ पासून ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि तिथे स्मारके आहेत. चॅपल आणि माउंटन मेडोज एकाच दिवशी पाहणे मनाला जड जाते, तरीही मी तेच सुचवीन. या दोन घटनांमध्ये अकराच वर्षांचे अंतर आहे, आणि एकाच प्रदेशातील एकाच समाजाने चिकाटीने काय उभे केले आणि भीती व द्वेषाच्या भरात काय केले, हे दोन्ही जाणून घेतल्याशिवाय पायनियर काळाविषयी मत बनवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

ब्राइसने स्वतः या गावात आयुष्य काढले नाही. १८७५ च्या सुमारास तो पूर्वेकडे पारिया नदीच्या खोऱ्यात गेला आणि तिथे त्याने पाण्याचा पाट काढला, लाकूड व जळण आणण्यासाठी रस्ता केला. तो रस्ता जिथे संपत असे, त्या सुळक्यांच्या दरीला शेजारी ब्राइसची दरी म्हणू लागले. १८८० मध्ये तो ॲरिझोनाला निघून गेला आणि १९१३ मध्ये तिथेच वारला. त्या दरीचे राष्ट्रीय उद्यान झाले ते १९२८ साली, त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. ज्या दरीला त्याचे नाव मिळाले तिथे तो जेमतेम पाच वर्षे राहिला आणि ती दरी घडवण्यात अर्थातच त्याचा हात नव्हता. त्याच्या हातचे काम पाहायचे असेल तर पाईन व्हॅलीलाच यावे लागते.

प्रवासाची आखणी करताना पाईन व्हॅली आधी आणि ब्राइस कॅन्यन नंतर ठेवावे, असा माझा आग्रह आहे. सेंट जॉर्जमध्ये मुक्काम असेल तर तिथले लाल वालुकाश्माचे टॅबरनॅकलही पाहावे. १८६३ ते १८७६ अशी तेरा वर्षे त्याचे काम चालले होते, आणि दगडाच्या त्या संथ, खर्चिक बांधकामाशेजारी ठेवले की पाईन व्हॅलीच्या लोकांनी लाकडाची निवड करून किती वेळ आणि श्रम वाचवले ते दिसते. सँटा क्लारामध्ये जेकब हॅम्ब्लिन या मॉर्मन धर्मप्रचारकाचे, महापुरानंतर बांधलेले, दगडी घरही अशाच विनाशुल्क मार्गदर्शनासह दाखवले जाते. वेळ कमी असेल आणि तिन्हींपैकी एकच जागा निवडायची असेल, तर मी चॅपल निवडीन, आणि सोबत खाण्याचे घेऊन जाऊन उरलेली दुपार डिक्सी राष्ट्रीय वनातील पाईनच्या झाडांखाली काढीन, कारण गावात दुकाने आणि उपाहारगृहांची फारशी सोय नाही.